कुरकुरीत कातडं

शिल्पा : झाकण नको उघडू आता. तूच म्हणत होता, उघडलं का सगळी गरमी निघून जाते म्हणून.

सुमेध : बघू तर दे, ताई. मशीन सव्वादोनशे डिग्रीवर लावून बराच वेळ झाला. आतापर्यंत कोंबडीचं कातडं पापडासारखं वाजायला पाहिजे होतं.

शिल्पा : वाजलं?

सुमेध : कसलं वाजतंय! ओढलं की लांबतंय. रबर झालंय नुसतं.

शिल्पा : अन् धूर केवढा करून ठेवला अंगणात. शेजारची रुक्मामावशी दोनदा इचारून गेली, शिल्पा, आगबिग लागली काय म्हणून. म्हटलं नाई वं मावशी, भाऊ आला पुण्याहून.

सुमेध : पुण्यात दर रविवारी करतो मी. सोसायटीतले लोक ताटं घेऊन उभे असतात. आधी मंद धुरावर तीन तास ठेवायचं, मग आच वाढवायची, की झालं. एकदासुद्धा बिघडलं नाही. मशीनमध्ये जळणाला घालतो त्या लाकडी भुशाच्या गोळ्यांनाच इथली दमट हवा लागली असणार. गोळ्या सुक्या नसल्या की मशीन तापतच नाही.

शिल्पा : मशीन राहू दे बाजूले. मले हो का नाई ते सांग. उद्या ऑफिसात लिहून द्या लागते.

सुमेध : जेवण झाल्यावर बोलू म्हटलं ना.

शिल्पा : आला तवा म्हणला, झोप झाल्यावर बोलू. काल म्हणला, चिकन आणल्यावर बोलू. उद्या सकाळी तू गाडी काढशीन, अन् मंग पुण्याहून फोन करशीन का नेटवर्क नाई म्हणून.

सुमेध : काल चिकन आणण्यातच दिवस गेला, त्याला मी काय करू? इथल्या कोहक्याच्या बाजारातल्या दुकानदाराला किती वेळा सांगितलं, कातड्यासकट दे. बोलता बोलता सवयीनं त्यानं सर्रकन ओढून काढलं. वर मलाच म्हणतो, भैया, ये खाता कौन है! शेवटी पार कुरुद गावापर्यंत गेलो.

शिल्पा : आपले बाबा खात. आई चुलीवर भुंजून देये, कातड्यासकट. आपल्या दोघाले भेटत नव्हतं ते, सगळं बाबाच्या ताटात जाये.

सुमेध : म्हणून तर! त्यांच्यासाठीच हे धुरावर भाजायचं मशीन, एवढं ओझं गाडीत घालून आणलं. दोन वर्षांनी आलोय, म्हटलं बाबांना त्या चवीचं काहीतरी आपल्या हातानं खाऊ घालू.

शिल्पा : बाबासाठी मी काय मागून राहिली तुले? फक्त सहा महिने. नागपूरले ट्रेनिंग हाय, हॉस्टेलात राहा लागते, मंग प्रमोशन. रेल्वेत क्लर्क लागली अन् क्लर्कच रिटायर होऊ काय मी? मागच्या खेपेले बाबाले लकवा मारला म्हणून नाई म्हटलं. आता पुन्हा नाई म्हटलं तं मले कोणी इचारत नाई. सहा महिने बाबाले पुण्याले ने. मंग जिंदगीभर मी आहोच.

सुमेध : एक मिनिट. हे काय आहे?

शिल्पा : मी काय बोलून राहिली, अन् हा...

सुमेध : नाही, बघ ना इकडे. उलटं केलं तर पोटातनं पाणी आलं. पिवळं. ही हळद आहे! मी नुसतं मीठ चोळून फ्रिजमध्ये उघडं ठेवलं होतं, कातडं रात्रभर सुकावं म्हणून. सकाळी मी अंघोळीला गेलो तेव्हा मशीनमध्ये तू ठेवलंस. हळद कोणी लावली?

शिल्पा : मी.

सुमेध : आणि धुतलं पण?

शिल्पा : हो, धुतलं. आपल्या घरी कोंबडं असं धुतल्याबिगर ठेवते काय कोणी?

सुमेध : ओल्या कातड्याला कितीही आच द्या, ते कुरकुरीत होत नसतं! म्हणून मशीन चढून चढून थकलं अन् मी वेड्यासारखा आकडे बघत बसलो. मले सांगाले काय झालं होतं तुले?

शिल्पा : निघाली बापा, निघाली तुही भाषा.

सुमेध : हसू नकोस! तू मुद्दाम केलंस. मी बाबांसाठी काही केलेलं तुला बघवत नाही, ताई. चार वर्षं सेवा केली, सेवा केली, ते मिरवायला मिळालं पाहिजे ना तुला.

शिल्पा : मिरवायले? त्याइचं पांघरूण बदलतो, नखं काढतो, ते मिरवतो मी? कोणाले दाखवतो सांग, तुह्या सोसायटीले?

बाबा : (ओसरीतल्या खाटेवरून, लकव्यानं जड झालेल्या जिभेनं) पोरीवर काऊन वरडून राहिला बे? म्या धुतलं.

सुमेध : तुम्ही?

शिल्पा : बाबा, तुमी झोपा.

बाबा : सकाळी जाग आली. म्हटलं पोरीले निजू द्या. फ्रिज उघडला तं कोंबडं नागडंच पडेल होतं. तुही माय असती तं तिनं असं ठेवलं नसतं. पोरगा इतक्या दिसानं घरी आला, अन् कोंबड्याले हळद नाई. मंग म्याच धुतलं. एका हातानं. चांगलं धुतलं.

सुमेध : बाबा, कमाल केली तुम्ही! ताई, ऐकलंस? स्वतः उठले, स्वयंपाकघरात गेले, कोंबडी धुतली, हळद लावून परत ठेवली. आणि फोनवर तू सांगतेस, त्यांना घडीभर एकटं सोडता येत नाही.

शिल्पा : सुमेध...

सुमेध : नाही, आता मला बोलू दे. मग प्रश्नच मिटला ना. दिवसाची एक बाई लावू. रात्रीला रुक्मामावशी आहेत. तू जा खुशाल नागपूरला. पुण्याला न्यायची गरजच काय?

शिल्पा : मले कुठी सापडले ते इचार त्याइले.

सुमेध : म्हणजे?

शिल्पा : कोंबडं ठेवलं, वळले, अन् पडले. नळ चालूच होता. पाणी वाहून राहिलं म्हणून मले जाग आली. जाऊन पाहतो तं फरशीवर बसेल होते, लुगडं भिजावं तसे भिजेल, हात पिवळा. अन् मले म्हणते, सुमेधले सांगजो नको, त्याचा इतवार खराब होईन. तू अंदर घोरून राहिला होता.

सुमेध : मला उठवायचं ना मग.

शिल्पा : उठून काय केलं असतं? किती डिग्री झाली ते पाहिलं असतं.

सुमेध : टोमणे नको मारू. तुला स्पष्टच हवंय ना? आमचा अकरावा मजला. समृद्धीची यंदा दहावी. पायल घरून काम करते, दिवसभर तिच्या मीटिंगा. बाबांना ठेवू कुठं? आणि त्यांना तिथं करमायचं नाही. इथं विहारातले लोक येतात, जयभीम करतात, दोन गोष्टी बोलतात. तिथं कोण आहे त्यांचं?

शिल्पा : तू हायेस ना.

सुमेध : तसं नाही ग.

शिल्पा : म्हणजे नाई.

सुमेध : नाही कुठं म्हटलं मी? समृद्धीची परीक्षा होऊ दे. पुढच्या वर्षी बघू.

शिल्पा : पुढच्या वर्षी मले ट्रेनिंगले बलावत नाई कोणी.

सुमेध : हे बघ, असं करू. हे मशीन मी इथंच ठेवून जातो. पुण्यात दुसरं घेईन. बाबांना वाटेल तेव्हा करून देता येईल तुला.

शिल्पा : मशीन ठेवून जातो! बाप नेता येत नाई म्हणून मशीन ठेवून जातो! तुह्या तोंडाकडे पाहू नाई वाटत मले, सुमेध. लहानपणी तुले कडेवर घेऊन फिरली मी या अंगणात, त्याचीच लाज वाटून राहिली.

बाबा : झगडू नका रे. सुमेध, आण बापा. भूक लागली.

सुमेध : बाबा, अजून झालं नाही ते. कातडं नरम आहे.

बाबा : आण म्हटलं ना.

शिल्पा : थांबा बाबा, मी मिक्सरमधून काढून देतो. घशात अटकन तुमच्या.

बाबा : नको. त्याच्या हातानं खाऊ दे. कातडं दे मले, कातडं.

सुमेध : घ्या. हळू. गरम आहे. कसं झालंय?

बाबा : कुरकुरीत.

सुमेध : खरंच?

बाबा : तुही माय चुलीवर भुंजे, तस्संच.

शिल्पा : बाबा, कवाचा तोच तुकडा चावून राहिले तुमी. थुका बरं. हा घ्या माहा हात, याच्यावर थुका.

बाबा : सरक. कुरकुरीत हाय म्हटलं ना.

सुमेध : बघ ताई. उगाच एवढं मनाला लावून घेतलं आपण.

शिल्पा : बाबा, आमी बोलून राहिलो ते खाटेवरून आयकू आलं ना तुमाले? सगळं?

बाबा : जीभ गेली माही. कान चांगले हायेत.

शिल्पा : मंग?

बाबा : तो पावना हाय, पोरी. उद्या जाईन. त्याले हसत जाऊ दे.

शिल्पा : अन् मी?

बाबा : तू तं घरचीच. तो जायाच्या आंधी हे मशीन कसं चालते ते शिकून घे त्याच्यापासून. मले इतवारी इतवारी करून देत जाजो.

सुमेध : शिकवतो ना! एकदम सोपं आहे, ताई. फक्त कातडं कोरडं पाहिजे, अन् मधे मधे झाकण उघडायचं नाही.

शिल्पा : सांग. कितीवर ठेवा लागते?