तांबडा कान

तुंगाबाई : अय्यो, पाणीबिणी राहू दे ग, दार लाव आधी! समोरच्या गुंडूरावांचा रेडिओ नेला. हातगाडीवर घालून!

नीला : नेला? कुणी?

तुंगाबाई : लायसन्सवाला इन्स्पेक्टर. घरोघर येऊ लागलाय. तुझं लायसन्स कुठाय?

नीला : आहे ना. म्हणजे आहे, पण ते पिंटोसाहेबांच्या नावावर आहे. ह्यांनी इथल्या शिवाजीनगरात त्यांच्याकडून जुना सेट घेतला, तेव्हापासून 'उद्या नावावर करतो' चाललंय. कारखान्यात अख्ख्या देशाचे टेलिफोन बनवतात म्हणे. घरचा एक कागद बनत नाही.

तुंगाबाई : पिंटो कुठाय?

नीला : ऑस्ट्रेलियात.

तुंगाबाई : सरी, ठीक. बोलाव त्याला. दहा मिनिटांत ये म्हणून सांग.

नीला : तुंगाक्का, चेष्टा नको हो! पाच वाजता नयनाचं गाणं आहे रेडिओवर. हे अर्धी रजा टाकून तिला केंद्रावर घेऊन गेलेत. साडेचार वाजून गेले. आत्ता सेट गेला तर मी ऐकू कुठे? तुमच्याकडे तरी...

तुंगाबाई : माझ्याकडे कुठला रेडिओ? मी खालून तुझाच ऐकते. घरमालकिणीला तेवढा हक्क आहे की. जाऊ दे, पोर आली की 'छान गायलीस' म्हणून सांग. संपलं.

नीला : तेच तर चालणार नाही ना! गॅदरिंगला मी उशिरा पोचले आणि म्हटलं, 'काय सुंदर नाचलीस ग!' तर म्हणते, 'आई, मी नाचात नव्हतेच. मी झाड होते.' दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. आज जाताना बजावून गेलीय, गाणं संपलं की मी खोकणार. किती वेळा खोकले ते घरी आल्यावर सांग. म्हणजे कळेल ऐकलंस का.

तुंगाबाई : नऊ वर्षांची पोर ही? हिलाच इन्स्पेक्टर करा म्हणावं.

नीला : पुन्हा खोटी पडले ना तुंगाक्का, तर ती परत कधी विश्वास ठेवणार नाही माझ्यावर. मला रडूच येईल आता.

तुंगाबाई : मग रड, पण हात चालव. उचल तो सेट. देवघरात ठेव. वर हे माझं रेशमी लुगडं घाल, घेऊनच आलेय. हार कुठाय सकाळचा?

नीला : अहो, देवाच्या जागी रेडिओ?

तुंगाबाई : रोज सकाळी सहाला सगळं घर त्याच्यासमोर हात जोडून बसतं की नाही? मग? कुंकू लाव स्वल्प. अजून. कपाळ मोठं आहे त्याचं.

नीला : आणि गच्चीवरची एरियलची तार?

तुंगाबाई : तिच्यावर माझं दुसरं लुगडं वाळत घालून आले. मी काय सुम्ने, रिकामी बसले होते? आता तू फक्त नाही म्हणून सांगायचं. बाकी मी बघते.

(दारावर छत्रीच्या मुठीचे तीन ठोके.)

तुंगाबाई : या की सार्, या! रेडिओ नाही!

इन्स्पेक्टर : मी अजून काही विचारलं नाही.

तुंगाबाई : आधीच सांगितलेलं बरं. तुमचा वेळ वाचतो.

इन्स्पेक्टर : मराठी का? बरं झालं. सकाळपासून माझ्या कानडीला गल्ली हसतेय. मी नाडकर्णी, रेडिओ लायसन्स तपासणी. घर वरच्या मजल्याचं. वाकसकर इथेच राहतात ना?

तुंगाबाई : हिचा नवरा तो. कारखान्यात आहे. ही नीला. हिला बरं नाही, बोलत नाही.

इन्स्पेक्टर : हं. गच्चीवर दोन बांबूंना तांब्याची तार आहे.

तुंगाबाई : कपडे वाळवायला.

इन्स्पेक्टर : एकच लुगडं आहे. तेही कोरडं.

तुंगाबाई : वाळलं म्हणायचं.

इन्स्पेक्टर : आणि हे देवघरात काय?

तुंगाबाई : आमची कुलदेवी. लांबून नमस्कार करा, सोवळ्यात आहे.

इन्स्पेक्टर : बरीच रुंद आहे.

तुंगाबाई : खाऊनपिऊन सुखी आहे.

इन्स्पेक्टर : देवीची वायर भिंतीत गेलीय, आजी.

तुंगाबाई : आत दिवा लागतो. आजकाल सगळ्याच देवांना लागतो.

इन्स्पेक्टर : असं... असं... असं. हे पाहा वाकसकरबाई, तुम्हीच सांगा. खरं काय ते. अहो, कानाला काय झालं?

नीला : कुठे काय?

इन्स्पेक्टर : उजवा कान गच्च धरलाय तुम्ही.

नीला : अय्या! मी नाही धरला. हातच गेला. तुम्ही ते 'असं, असं, असं' म्हणालात आणि हात आपोआप... थांबा. थांबा हं. पुन्हा म्हणा बघू.

इन्स्पेक्टर : मुंबईच्या का तुम्ही? गिरगाव? दादर?

नीला : दादर. चव्वेचाळीस, पंचेचाळीस साल. दर रविवारी सकाळी, शेजारच्या सामंतांकडे, सतरंजीवर अकरा पोरं. 'इन्स्पेक्टर घारे यांचा तपास.' तुम्ही घारे! तुम्ही इन्स्पेक्टर घारे!

इन्स्पेक्टर : होतो.

तुंगाबाई : आत्ता नाडकर्णी म्हणाला की हा! चोर आहे काय ग?

नीला : अहो, रेडिओवर मुलांचं नाटुकलं असायचं तुंगाक्का. हे चोर पकडायचे. आणि शेवटी, सगळं संपल्यावर, आवाज खाली आणून म्हणायचे, 'असं... असं... असं. खोटं बोललं की उजवा कान तांबडा होतो. आत्ता एक कान तांबडा झालाय. मला इथून दिसतोय.' की अकराच्या अकरा पोरं कान झाकायची! सामंतकाकांनीसुद्धा एकदा झाकला होता.

इन्स्पेक्टर : हुबळीत तपासणीला गेलो, तर एका बँकेच्या मॅनेजरने झाकला. टक्कल पडलेला माणूस. मला फार वाईट वाटलं.

नीला : वाईट? तुम्हाला माहीत आहे का, मी भावाच्या वाटणीचे बेसनाचे लाडू खाल्ले आणि मांजरावर ढकललं. त्याच रविवारी तुम्ही म्हणालात, 'तांबड्या कानाने परकर-पोलकं घातलंय.' मी तिथल्या तिथे भोकाड पसरलं. घरी जाऊन कबूल केलं आणि आईचा मार खाल्ला. पुढे दोन वर्षं मी कानाला मफलर बांधून झोपले. मुंबईत! मे महिन्यात! कसं दिसायचं हो तुम्हाला?

इन्स्पेक्टर : कागद संपला होता.

नीला : काय?

इन्स्पेक्टर : पहिल्या भागाला लिहिलेलं संपलं आणि दोन मिनिटं उरली. समोरचा माणूस हात हलवतोय, बोला, बोला. सुचलं ते बोललो. मग दर रविवारी कधी खाकी चड्डी, कधी परकर. एवढ्या मुंबईत कोणीतरी परकरात असणारच.

नीला : वा रे वा! आणि मी समजत होते, सहा फूट उंच असाल. भरघोस मिशा, कमरेला पट्टा. तुम्ही तर... रागावू नका हं...

तुंगाबाई : सायकलच्या चिमट्यांनी पॅन्ट धरलेला.

इन्स्पेक्टर : आवाज सहा फुटांचा आहे, आजी. बाकीचा पाच-दोन.

नीला : मग बंद का झालं ते? आम्ही तीन रविवार सामंतांकडे नुसते जाऊन बसलो होतो.

इन्स्पेक्टर : पालकांची पत्रं आली. पोरं खरं बोलायला लागलीत म्हणून. पाहुण्यांसमोर. एका गृहस्थांच्या मुलाने तर त्यांच्या साहेबांना सांगितलं, बाबा आजारी नाहीत, पत्ते खेळताहेत. झालं, घारे रिटायर. मला रेडिओतच राहायचं होतं हो. खात्यात एवढीच जागा रिकामी होती.

नीला : घरी ऐकता का अजून?

इन्स्पेक्टर : घरी रेडिओ ठेवला नाही. बोलणारा मध्ये श्वास घ्यायला थांबला की वाटायचं, आता माझी बोलायची पाळी. चाळीस-बेचाळीस वर्षांचा होईपर्यंत वाटत होतं. लाज वाटायची. म्हणून नकोच. असो. हातगाडीवाला खोळंबलाय. वाकसकरबाई, मला कागदावर लिहावं लागतं. घरात रेडिओ आहे का?

तुंगाबाई : नाही म्हणून सांग ग.

नीला : तुंगाक्का, ह्यांना नाही सांगता येत.

तुंगाबाई : कागद संपला म्हणून बोललेलं ते! आत्ता त्यानेच सांगितलं की!

नीला : माहीत आहे हो. तरी नाही येत. आहे, घारेसाहेब. देवीच रेडिओ आहे. लायसन्स दुसऱ्याच्या नावावर आहे. न्या. पण सव्वापाचला न्या. माझी मुलगी गाणार आहे पाच वाजता, आणि शेवटी ती किती वेळा खोकते ते मला ऐकायचंय. नाहीतर ती पुन्हा मला खोटारडी म्हणेल. आणि तिचं बरोबर असेल.

तुंगाबाई : घात केलास! चांगलं लुगडं कुंकवाने भरवलं मी!

इन्स्पेक्टर : किती वाजले?

नीला : पाचला चार कमी.

इन्स्पेक्टर : हं. नियम असा आहे की चालू स्थितीतला सेटच जप्त करायचा. बंद असेल तर ते नुसतं खोकं. चालतो की नाही ते तपासून पाहावं लागेल.

नीला : म्हणजे?

इन्स्पेक्टर : लावा लवकर. जुना सेट आहे, गरम व्हायला वेळ घेईल. हार काढा. हा काटा का फिरत नाही?

तुंगाबाई : कुंकू गेलं असेल आत.

इन्स्पेक्टर : देवीचा कोप. सरका, मी बघतो. स्टेशन सरकलंय तुमचं. हळू, हळू... हं. लागलं.

तुंगाबाई : हे कोण ओरडू लागलंय?

नीला : अजून निवेदन चाललंय. श्श! नाव घेतलं! कुमारी नयना वाकसकर म्हणाले!

तुंगाबाई : कन्नड गाणं म्हणते की पोर! माझ्याकडून घटवून घेतलेलं. ते 'ळ' बघ कसं म्हणते, अगदी आमच्यातली.

नीला : घाबरलीय. वरचा सूर पळाला.

इन्स्पेक्टर : नाही पळाला. श्वास चुकला फक्त. बघा, सावरलं. शाबास. आता घाई करू नकोस, बाळ. हं. थांब. आता.

नीला : संपलं. बोलू नका कोणी.

तुंगाबाई : एक.

नीला : दोन.

इन्स्पेक्टर : तीन. तिसऱ्यांदा दाबून खोकली. कोणीतरी तोंडावर हात ठेवला असणार.

नीला : तीन! नक्की ना?

इन्स्पेक्टर : बाई, आयुष्यात एवढं एकच काम मला येतं.

नीला : तीन. तीनदा खोकली माझी सोनी. झालं, आता न्या तुमचा सेट. माझी काही तक्रार नाही.

इन्स्पेक्टर : कागद धरा जरा, कोपरा उडतोय. 'वाकसकर, वरचा मजला. घराची तपासणी केली. देवघर आहे. रेडिओ आढळला नाही.' सोमवारी नवऱ्याला कान धरून पोस्टात पाठवा. पुढच्या महिन्यात मी पुन्हा येणार आहे.

तुंगाबाई : मग गुंडूरावांनी काय पाप केलं हो?

इन्स्पेक्टर : ते 'रेडिओ नाही' म्हणून शपथ घेत होते आणि आत बातम्या चालल्या होत्या. येतो मी. माझी छत्री?

नीला : ही घ्या. घारेसाहेब...

इन्स्पेक्टर : आता काय?

नीला : एक कान तांबडा झालाय.

इन्स्पेक्टर : कुणाचा?

नीला : तुमचा. मला इथून दिसतोय.