गोदाक्काच्या लाल गोगलगायी

हं, टाळ जरा मांडीवर ठेवा. मागची मंडळी, पुढं सरका. भिंतीला टेकलं की झोप येते, आणि तुम्ही झोपलात की मला माझाच आवाज ऐकू येतो!

मंडळी, एक साधा प्रश्न विचारतो. समजा, तुमच्या घरात विंचू निघाला. तुम्ही माळकरी. मारायचा नाही! बरोबर? मग तुम्ही काय केलंत — विंचू चिमट्यात धरला, "जा बाबा" म्हणालात, आणि शेजाऱ्याच्या खिडकीतून आत सोडून दिलात. जीव वाचवला! आता सांगा, हे पुण्य झालं की पाप?

कोण बोललं ते? "शेजारी कसा आहे त्यावर आहे"? अहो, वा! यांना पुढं बसवा रे, हे माझं कीर्तन आटोपतं घेणार!

उत्तर ठेवा तुमच्यापाशी. आधी ऐका. नदीकाठी एक गाव होतं. त्या गावात एक गोदाक्का. साठी ओलांडलेली, गळ्यात तुळशीची माळ, कार्तिकात पहाटेचा काकडा कधी चुकवला नाही. घरात मुलगा, सून. आणि घरामागं परसबाग. मंडळी, काय ती बाग! गडग्यावर चढलेला दोडका, मांडवावर घेवडा, वांगी अशी की तेल लावून ठेवल्यासारखी. एक लाल भोपळा तर इतका वाढला होता, की पाहुणे आधी त्याला बघायचे, मग गोदाक्काला विचारायचे, "बऱ्या आहात ना?"

नवरात्र संपलं. परतीचा पाऊस काही परतेना! रोज संध्याकाळी आहेच. आणि त्या ओलीवर निघाल्या — कोण? गोगलगायी! शंखाच्या, अंगठ्याएवढ्या. एक नाही, दोन नाही, नुसता बाजार भरलेला! सकाळी गोदाक्का बघते तर वांग्याच्या पानांची चाळण झालेली. पालकाचे नुसते देठ उभे. आणि भोपळ्यावर एक बाई निवांत बसलेल्या, शिंगं हलवताहेत. म्हणजे माहेरपणाला आल्यात!

मुलगा म्हणाला, "आई, मिठाच्या पाण्यात टाक. संपलं."

गोदाक्कानं कानावर हात ठेवले. "शिव शिव! माळ घातलीया मी. माझ्या हातनं जीव जायचा न्हाई."

बरं. मग करायचं काय? गोदाक्कानं विचार केला. तिच्या परसाला लागून अनुसयेचं परस. मध्ये डोक्याएवढा दगडी गडगा. अनुसया तिच्यापेक्षा धाकटी, तिला "अक्का, अक्का" म्हणणारी. गोदाक्का काकड्याहून आली, सूप घेतलं, गोगलगायी वेचल्या. एकेक उचलायची, हात जोडल्यासारखं करायचं, "रामकृष्णहरी, जा माय," — आणि भुर्रर्र! गडग्यापलीकडं!

मृदंगाचार्य, हसू नका. तुमच्या दारातला केर रोज सकाळी कुठं जातो, मला ठाऊक आहे.

आणि तिला वाटायचं काय माहितीये? हलकं वाटायचं! जीव वाचला, बाग वाचली, माळेला डाग नाही. एका सुपात तीन पुण्यं!

पण दुसऱ्या दिवशी बघावं तर वांग्यावर पुन्हा तेवढ्याच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. वेचतेय, फेकतेय, वेचतेय, फेकतेय! हात दुखायला लागला. आणि मंडळी, माणसाचा हात दुखायला लागला ना, की त्याचा संशय जागा होतो. गोदाक्का गडग्याकडं बघत उभी राहिली. मनात म्हणाली, "असं हाय व्हय! अनुसया परत टाकतीया!"

बघा हं! आपण टाकतो ते पुण्य. ती टाकते ते काय? लबाडी!

पण पुरावा पाहिजे. सुनेच्या फळीवर नेलपॉलिशची बाटली होती. लालभडक. गोदाक्कानं ती पदराखाली आणली, ओट्यावर बसली, आणि एकेका गोगलगायीच्या पाठीवर ठिपका द्यायला लागली. सून दारात आली. तिनं आधी बाटलीकडं बघितलं, मग सुपाकडं, मग सासूकडं. म्हणाली, "आत्या, त्यांचं लग्न ठरलं का?"

"तू आत जा," गोदाक्का म्हणाली. आणि ठिपकेवाल्या सगळ्या — भुर्रर्र!

दोन-चार दिवस गेले. एका सकाळी वांग्याचं पान उलटलं, आणि पानाखाली लाल ठिपका! भोपळ्यावर लाल ठिपका! पायरीवर लाल ठिपका! गोदाक्काच्या डोक्यात जी सणक गेली, ती थेट देवळापर्यंत.

त्या दिवशी काकड्याची समाप्ती होती. देवळाच्या ओवरीत बायका महाप्रसादाची भाजी निवडत बसलेल्या. अनुसयाही होती, खाली मान घालून वाटाणा सोलत. गोदाक्का आली ती पदर खोचूनच. सगळ्यांसमोर उभी राहिली आणि कडाडली, "अनुसये! लाज न्हाई वाटत? माझ्या लाल ठिपक्याच्या गोगलगायी माझ्याच परसात परत टाकतीस?"

ओवरीतल्या सगळ्या माना अनुसयेकडं वळल्या.

अनुसयेनं मान वर केली. हळू विचारलं, "परत?"

"व्हय, परत!"

"अक्का, परत टाकायला त्या आधी माझ्याकडं आल्या कशा?"

हां! आता बोला!

कोपऱ्यात एक म्हातारी होती, ती आधी हसली, मग सगळी ओवरी हसली. वाटाणे सांडले इतक्या हसल्या. आणि मंडळी, गोगलगायी अनुसयेनं टाकल्याच नव्हत्या हो! गोगलगाय सावकाश चालते, पण चालते. जिथं पोट भरलं तिथं परत येते. चालत चालत, गडगा चढून, आपल्या आपण आल्या होत्या त्या!

सगळ्या हसल्या. एक अनुसया हसली नाही. तिनं वाटाण्याची पाटी बाजूला ठेवली. म्हणाली, "म्हंजी ते तुम्ही केलंत." आणि उठून निघून गेली.

गोदाक्काला वाटलं, एवढं काय लागलं हिला? चार पानं खाल्ली असतील. शेजारच्या बाईनं तिचा हात धरून खाली बसवलं. म्हणाली, "अक्का, तुम्हाला म्हाईत न्हाई? तातोबाची मेथी गेली."

आता तातोबा कोण? अनुसयेचा नवरा. पहिलवान गडी. उन्हाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लाकूड झाला. डॉक्टर म्हणाले, हात हलवत राहा, बोटांना काम द्या. पण तातोबा भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. चार महिने बायकोशी नीट बोलला नाही. शेवटी अनुसयेनं काय केलं, परसात एक वाफा केला, त्याला पाटावर नेऊन बसवलं, आणि वाटीत मेथीचं बी दिलं. त्यानं दुखऱ्या हाताच्या चिमटीत धरून बी पेरलं. निम्मं सांडायचं. पुन्हा उचलायचा. सगळी सकाळ गेली एका वाफ्याला. आणि ज्या दिवशी कोंब वर आले, त्या दिवशी तातोबानं बायकोला हाक मारली, "अनू, ये की! बघ की!"

तो वाफा, मंडळी. तो वाफा गडग्याला लागून होता.

आता हसा बघू.

गोदाक्का देवळातून निघाली. प्रसाद घेतला नाही. अनुसयेच्या घरामागं गेली. वाफा मोकळा होता. मातीवर चांदीसारख्या चकचकीत रेघा, आणि मधे कुठंतरी एखादा देठ. तातोबा तिथंच पाटावर बसलेला. तिला बघून म्हणाला, "या अक्का."

तिला वाटलं, हा शिव्या देईल. द्याव्यात असं वाटलं तिला! शिव्या खाल्ल्या की निदान फिटल्यासारखं वाटतं. पण तातोबा वाफ्याकडं बघत म्हणाला, "उगवली हुती ना पण. झकास उगवली हुती."

गोदाक्काच्या डोळ्यांना धार लागली. "भावजी, म्या टाकल्या त्या. माझ्या हातनं पाप नको म्हणून तुमच्याकडं टाकल्या."

तातोबा म्हणाला, "मग आता करायचं काय त्यांचं?"

बघा, केवढा मोठा प्रश्न! रडून गोगलगायी जातात का? नाही. पश्चात्तापानं मेथी उगवते का? नाही! गोदाक्कानं डोळे पुसले. घरी गेली, जुनी गोणपाटं काढली, गुळाच्या पाण्यात भिजवली, आणि दिवस मावळताना दोन्ही परसांत पसरून ठेवली. आपल्या आणि अनुसयेच्याही. सकाळी गोणपाटं उलटली तर खाली हीऽऽ गर्दी! गुळाला कोण नाही म्हणतं? तुम्ही म्हणता?

घागरीत पाणी घेतलं, त्यात मूठ मूठ मीठ सोडलं. आणि माळेवर हात ठेवून उभी राहिली. मुलगा म्हणाला, "आई, दे, मी करतो." म्हणाली, "न्हाई. आजवर दुसऱ्याच्याच पदरात घातलं. हे माझ्या पदरात असू दे." आणि नाव घेत घेत एकेक गोगलगाय पाण्यात सोडली.

ते पाप झालं का? देव आणि गोदाक्का बघून घेतील, मी मधे पडत नाही. पण त्या दिवशी तिला हलकं वाटलं नाही, हे मला फार आवडलं.

अनुसया? लगेच माफ केलं असेल असं वाटतं तुम्हाला? छे! ती काय पुराणातली बाई नव्हती. रोज सकाळी गोदाक्का तिच्या परसात वाकून वेचतेय, आणि अनुसया ओट्यावर बसून भाकरी थापतेय. बोट दाखवायची फक्त, की तिथं एक राहिलीय. वाफ्याभोवती गोदाक्कानं चुन्याची जाड रेघ ओढली. तातोबानं पुन्हा बी पेरलं. गोदाक्कानं वाटी धरली, पण त्याच्या बोटांना हात लावला नाही, कारण तो म्हणाला, "मला करू द्या." पुन्हा निम्मं सांडलं, पुन्हा उचललं.

एक दिवस गोदाक्का घागरीत मीठ टाकत होती. मागून आवाज आला, "एवढ्यानं काय हुतंय अक्का? मीठ कमी पडतंय."

गोदाक्कानं वळून बघितलं. अनुसया मिठाचा डबा घेऊन उभी होती.

एवढंच बोलली. पण त्या दिवसापासून दोघी मिळून वेचायला लागल्या. मग पलीकडच्या परसातली आली, तिच्या पलीकडची आली. कारण गोगलगायीला गडगा कळत नाही, ते सगळ्यांना एकदमच कळलं. मार्गशीर्षात मेथी आली. ओळी वाकड्यातिकड्या, एकीकडं दाट, एकीकडं विरळ. तातोबानं स्वतःच्या हातानं पहिली जुडी उपटली आणि म्हणाला, "ही अक्कांची." गोदाक्कानं ती भाजी केली, आणि सुनेला म्हणाली, "जरा कडूच हाय गं." आणि सगळी संपवली.

मंडळी, आता तुमच्याकडं वळतो. तुम्ही म्हणाल, महाराज, आमच्याकडं बाग नाही. बाग नसेल, पण गडगा आहे ना? साहेब बोलला, तो राग घरी बायकोवर टाकला — भुर्रर्र! सासूनं छळलं, ते सुनेवर टाकलं — भुर्रर्र! म्हातारा बाप धाकट्याकडं, आणि आपण तीर्थयात्रेला! आणि वर काय म्हणायचं? "माझ्या हातनं कुणाचं वाईट झालेलं नाही!" अहो, हातातून सुटलं म्हणजे हातनं झालं नाही, असं असतं का?

उद्या पुन्हा असाच हात वर जाईल. तुमचाही, माझाही. तेव्हा फेकण्याआधी एकदा टाचा उंच करा, आणि गडग्यापलीकडं डोकावून बघा. तिथं कुणीतरी पाटावर बसून, थरथरत्या चिमटीनं, एकेक बी पेरतंय.

घ्या टाळ हातात! आणि नाव असं मोठ्यानं घ्या, की शेजाऱ्याच्या घरात तेवढंच जावं! विठ्ठल, विठ्ठल!