पोलीसबाईचा आवाज बदलला

मोठी: आधी काहीतरी बोल.

धाकटी: ताई? तू?

मोठी: एवढंसं नको. चांगलं लांब वाक्य बोल. तुझा आवाज ऐकायचाय मला.

धाकटी: सहा वर्षांनी दारात उभी राहतेस आणि म्हणतेस, वाक्य बोल. आत तर ये.

मोठी: अगं, हे काय झालंय? कढईच्या बुडाला उलथनं घासल्यासारखा येतोय आवाज.

धाकटी: घशाचं ऑपरेशन झालं. बस. ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो.

मोठी: म्हणजे जिवंत आहेस.

धाकटी: दिसतेय ना समोर.

मोठी: थट्टा नको करूस, बारके. मंगळवारपासून माझ्या पोटात नीट घास गेलेला नाही. टीव्ही लावला. तू जिला आवाज देतेस ती पोलीसबाई नेहमीसारखी पाठमोरी, खिडकीशी उभी. वळली, तोंड उघडलं आणि आवाज भलत्याच बाईचा! चेहरा तोच, कोट तोच, भुवई उडवायची तऱ्हा तीच. मला धडकीच भरली. म्हटलं, माझी बारकी गेली आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही.

धाकटी: तू मालिका बघतेस?

मोठी: का? बंदी आहे मला?

धाकटी: बंदी कसली. काम सुटलं असेल, असं नाही वाटलं?

मोठी: तुझं? अंगात ताप असला तरी जायचीस तू. तुझे भावजी गेले त्या दिवशीसुद्धा गेलीस. तुझ्यात धुगधुगी असताना तुझ्या माइकपुढे दुसरी कोणी उभी राहील? सरळ हिशेब केला. आवाज नाही, म्हणजे तू नाहीस.

धाकटी: पोलीसबाईकडून शिकलीस वाटतं.

मोठी: तिच्याकडूनच. फोन लावला, तो नुसता वाजत राहिला.

धाकटी: अनोळखी नंबरावरून येत होता, तो तुझा होता?

मोठी: माझा नंबर अनोळखी?

धाकटी: बदललास, तेव्हा मला कळवलंस कुठे? आणि उचलून तरी काय केलं असतं? महिनाभर तोंड उघडायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती.

मोठी: महिनाभर! तुला? तू झोपेतसुद्धा बडबडायचीस.

धाकटी: काही जड गेलं नाही. बोलायला होतं कोण?

मोठी: का? नवरा कुठाय तुझा?

धाकटी: सांगते. आधी तू सांग, पत्ता कुणी दिला?

मोठी: तुमच्या स्टुडिओच्या दारवानानं. आधी म्हणाला, आम्हाला पत्ते माहीत नसतात. मी त्याच्याकडे एकटक बघत राहिले, तुझी बाई बघते तशी. मग हळूच म्हटलं, "खोटं बोलायच्या आधी तुम्ही टोपी नीट करता." बिचारा घामाघूम झाला.

धाकटी: ताई!

मोठी: हसू नकोस, घसा दुखेल. आता घशाचं नीट सांग.

धाकटी: गाठ होती. साधीच निघाली. वर्षानुवर्षं दरडावून, धमकावून आली असणार म्हणाले. नटीचा स्वतःचा आवाज इतका नाजूक, की तिनं गुंडाची कॉलर धरली तरी वाटावं, त्याला गुंडी लावून देतेय. त्यामुळे सगळा आरडाओरडा माझ्या गळ्यावर. ऑपरेशनच्या आधी पुढचे चार भाग घाईनं करून ठेवले होते. ते संपले असतील.

मोठी: तरीच. त्या चार भागांत तू थकल्यासारखी वाटत होतीस.

धाकटी: तुला काय कळतंय? पडद्यावर थकलेली ती नटी.

मोठी: मला नटीचं काय करायचंय? ती बोलायला लागली की मी डोळे मिटून बसते.

धाकटी: डोळे मिटून?

मोठी: तिचा चेहरा मध्ये येतो गं. डोळे मिटले की तूच. वाक्याच्या आधी नाकानं छोटासा श्वास घेतेस, पाढे म्हणायला उभी राहिलीस की घ्यायचीस ना, तसा. त्या नव्या पोरीला श्वासच नाही. आणि बाई साक्षीदाराला म्हणते ना, "बसा, मला घाई नाही, तुम्ही बोला," तिथं मी आपली बोलून घ्यायची. आज पाणी आलं नाही. गुडघा धरलाय. जे असेल ते.

धाकटी: टीव्हीशी?

मोठी: मग कुणाशी? पोरगा फोन करतो, तोसुद्धा गाडी चालवता चालवता. आणि तुझी बाई घरी गेली की आधी सगळे दिवे लावते. मीही तेच करते आता. घरात शिरायचं आणि सगळी बटणं खाली.

धाकटी: "ती पोलीसबाई बहिणीपेक्षा जवळची असेल, तर राहा तिच्याकडेच." हे कोण म्हणालं होतं?

मोठी: मीच. माहीत आहे.

धाकटी: भरल्या घरात, सगळ्यांसमोर.

मोठी: माझा नवरा गेला, सकाळी आलीस आणि संध्याकाळी पिशवी उचललीस. शाबासकी द्यायला हवी होती का?

धाकटी: दुसऱ्या दिवशी भाग दाखवायचा होता. माझ्यावाचून नुसते ओठ हलले असते. सांगितलं होतं मी.

मोठी: सांगितलंस. माझ्या कानात शिरलं नाही. तिच्याकडे राहा म्हणाले तुला, आणि राहायला गेले मी.

धाकटी: किती दिवसांपासून?

मोठी: पहिल्यापासून. तू गेलीस, त्याच्या पुढच्याच मंगळवारपासून. पडसं झालेलं कळायचं. कधी उपाशी आलीस, तेही कळायचं. तो हरवलेल्या मुलाचा भाग होता बघ. बाई त्याच्या बापाला एवढंच म्हणते, "चला, घरी जाऊ." त्या दिवशी तू रडून आली होतीस.

धाकटी: तो अभिनय होता.

मोठी: मला शिकवतेस? कडेवर घेऊन वाढवलंय तुला. तुझं खोटं रडणं कसं, खरं कसं, मला ठाऊक नाही?

धाकटी: त्या सकाळी नवरा सोडून गेला. कपाटातली त्याची बाजू रिकामी करून. मी तशीच स्टुडिओत गेले.

मोठी: मला वाटलंच होतं.

धाकटी: काय वाटलं होतं?

मोठी: काहीतरी मोडलंय, एवढं.

धाकटी: मग?

मोठी: मग काय? जाहिराती लागल्या.

धाकटी: आणि तू फोन नाही केलास.

मोठी: नाही.

धाकटी: मी रडलेली तुला कळली. उपाशी होते ते कळलं. सहा वर्षं सगळं कळत होतं आणि एकदा, एकदासुद्धा...

मोठी: हळू बोल. घसा.

धाकटी: जाऊ दे घसा!

मोठी: फोन हातात घ्यायचे गं. मग वाटायचं, मंगळवारी येणारच आहे ती. एकदा येऊन गेली की भेट झाल्यासारखं वाटायचं.

धाकटी: तुझी व्हायची, ताई. माझी कुठे व्हायची? मी त्या काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून एका नटीच्या ओठांकडे बघत होते. मला काय ठाऊक, पलीकडे तू बसलीयस ते?

मोठी: चुकलंच ते.

धाकटी: ऑपरेशनच्या दिवशी नर्सनं विचारलं, बाहेर तुमचं कोण बसलंय? मी म्हटलं, बहीण.

मोठी: कुठली बहीण?

धाकटी: मला एकच आहे. निघून गेलं तोंडातून. ती बाहेर जाऊन हाक मारून आली. आत मला ऐकू येत होतं. दोनदा मारली. मग परत येऊन म्हणाली, चहाला गेल्या असतील.

मोठी: तू काय म्हणालीस?

धाकटी: म्हटलं, हो, तिला चहा फार लागतो.



मोठी: आवाज परत येईल का?

धाकटी: घरात बोलण्यापुरता. गुन्हेगारांवर ओरडायचं संपलं.

मोठी: सुटले म्हणायचे बिचारे. पुन्हा कधी बोलावलंय?

धाकटी: बुधवारी. घशात नळी घालून बघणार आहेत.

मोठी: मग बुधवारपर्यंत मी इथंच.

धाकटी: घराचं काय?

मोठी: त्याला काय होतंय? कुलूप आहे.

धाकटी: कपडे आणलेस?

मोठी: तू सापडशील की नाही, ते माहीत नव्हतं. कपडे कुठले आणते? तुझं एखादं सैल काहीतरी दे.

धाकटी: तुला होईल असं सैल या घरात पडदेच आहेत.

मोठी: बोल, बोल. आजारी आहेस म्हणून ऐकून घेते. आणि त्या नर्सला आधीच सांगून ठेव, हाक मारताना जवळ येऊन मार म्हणावं. डाव्या कानानं मला आता काही ऐकू येत नाही.

धाकटी: काय? कधीपासून?

मोठी: झाली दोन वर्षं.

धाकटी: आणि मला कळलंसुद्धा नाही.

मोठी: कुठून कळणार? मी थोडीच टीव्हीवर येते.