रामसेवकाचं रोजचं मरण

...आणि वर म्हणतात, काकाजी, जरा आणखी कण्हा! अहो, रोज मरणाऱ्या माणसानं कण्हायचं तरी किती? तुम्हाला सांगतो, रिटायर झाल्यावर लोक बागकाम करतात, मी मरतो! इथल्या एका कॉलेजात खाटेवर रबरी माणूस निजवलाय. श्वास घेतो, घाम येतो, बोलता तेवढं येत नाही. म्हणून काचेमागच्या खोलीत माईक घेऊन मी बसतो. गणेशोत्सवातल्या नाटकांत कमावलेला मराठी आवाज, तो झाशीत आणखी कुठे खपणार?

तर माईकवर मी टहरौली गावचा रामसेवक, तापानं फणफणलेला. डॉक्टरकीची, नर्सिंगची, फार्मसीची पोरं मिळून मला बरं करणार, म्हणजे एकमेकांशी बोलायला शिकणार. आधी मी नर्सला सांगतो, "बिटिया, पेनिसिलिन से हमाई साँस रुक जात है." ती मान डोलावते. मग डॉक्टर येतो, मिसरूड नुकतं फुटलेलं, ऐट सिव्हिल सर्जनची, आणि पेनिसिलिनच द्यायला सांगतो. फार्मसीवाला विचारत नाही, नर्स बोलत नाही, सर को कौन टोके... की मेलो मी! मशीन टूंऽऽ करतं, शिकवणाऱ्या मॅडम सगळ्यांना गोल बसवून विचारतात, काय चुकलं. मग पोरं चहाला जातात, मी घरी जातो, आणि डोळ्याला डोळा लागत नाही.

कारण आमची बायको, कुसुमावती, अशीच गेली. खरीखुरी. मी औषधं आणायला खाली गेलेलो, आणि तापात बाई हिंदीच विसरली. इंजेक्शन बघून मराठीत विनवत राहिली. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मागाहून मलाच विचारलं, "भैया, सोसत नाही मतलब का?" काय सांगू तिला? तेव्हापासून त्या रबरी छातीची घरघर कानात आली ना, की मला ती कुसुमावतीचीच वाटते. भीती वाटते हो.

परवा नर्सिंगच्या बॅचमध्ये कोण यावं? आमची नात, सुहासिनी! मराठी सगळी कळते, बोलायला गेली की हिंदीत घुसते. बुजरी इतकी, की पाहुण्यांचं पाणी दाराशी ठेवून पळते. म्हटलं, ही आज गप्प राहिली तर उद्या खऱ्या खाटेवरही गप्प राहील, आणि कुणाची तरी कुसुमावती जाईल. सांगितलं तिला, अगदी नियमाप्रमाणे हिंदीत. मान डोलावली. डॉक्टर म्हणाला, पेनिसिलिन लगाओ. ही गप्प. सिरिंज भरली, तरी ही गप्पच! कानात घरघर वाढली, आणि तुम्हाला सांगतो, मी बोललोच नाही, माझ्या तोंडून बोललं गेलं. टहरौलीचा रामसेवक मराठीत म्हणाला,

"ते नको गं, मला सोसत नाही."

डॉक्टर चाट. म्हणे मशीन बिघडलं. सुहासिनी पांढरीफटक पडली, पण तिनं त्याचा हात धरला.

"रुकिए सर. इनको पेनिसिलिन नहीं चलती. मुझे बताया था इन्होंने."

थांबला हो तो! औषध बदललं, आणि रामसेवक पहिल्यांदा जगला. काचेमागे मी रडलो, सरळ सांगतो.

मॅडमना कुठलं कौतुक! मला बोलावून म्हणाल्या, काकाजी, असे इशारे दिलेत तर मुलं शिकणार कशी? बाहेर सुहासिनी उभी होती. म्हणाली, "आबा, वो आवाज़ आपकी नहीं थी ना?"

म्हटलं, नव्हता. आजी होती तुझी. पोर माझ्याजवळ सरकून चालू लागली.

आता उद्या नवी बॅच. चौकशी केली मी, मराठी समजणारं एकही पोर नाही त्यात. म्हणजे काय... मेलो मी!