नवरीची खोली

थोरली : ‘घंटांचा नाद.’ ‘कृपया दगडावर चढू नये.’ ‘आजोबांचा लाडका कोपरा.’ ‘बैलांचा विसावा.’ धाकट्या, या पाट्या कोणी लिहिल्या?

धाकटा : लिहून घेतल्या. गोठ्याचं लग्नाचं कार्यालय केल्यावर उद्या पहिलं लग्न आहे इथं. जुनं शेत म्हटलं की लोकांना इतिहास लागतो, ताई.

थोरली : आणि बैलांचा विसावा म्हणजे संडास?

धाकटा : प्रसाधनगृह.

थोरली : मग बरोबर आहे. बैल तिथंच करायचे.

धाकटा : तुला मी आईशी बोलायला बोलावलंय.

थोरली : बोलते. आधी वर बघू दे. ते झुंबर म्हणजे आपलं जू ना? उलटं टांगलंय. बैल काय छतावरून चालायचे?

धाकटा : सजावटवाल्याला काय कळतंय त्यातलं.

थोरली : त्याला नाही कळणार. तू तर औतामागं फिरत मोठा झालास.

धाकटा : फोटोत छान दिसतं.

थोरली : आणि हा एवढा मोठा बाबांचा फोटो? ‘पहाटेच्या अंधारात ज्यांनी घाम गाळून हा गोठा उभा केला...’ बाबांनी? उन्हं अंगावर आल्याशिवाय अंथरूण सोडलं नाही त्यांनी कधी. यातली गाय शेजाऱ्यांची आणि टोपी फोटोवाल्याची.

धाकटा : भिंतीवर मिशीवाला माणूस शोभतो. आई एकाही फोटोत नाही, त्याला मी काय करू?

थोरली : फोटोच्या वेळी ती धार काढत असायची.

धाकटा : ते राहू दे. दूधखोलीतून ती हलत नाहीये. तिथं नवरीची खोली करायचीय. आरसा, सोफा, सगळं येऊन पडलंय. तिच्यासाठी मागं नवी खोली बांधली मी.

थोरली : जनरेटरला चिकटून.

धाकटा : तिला ऐकू कमी येतं.

थोरली : वा. सगळा विचार करून बांधलीस.

धाकटा : आणि ते कॅन. काल दाराशी दुधाच्या कॅनमध्ये फुलं मांडली. सकाळी बघतो तर फुलं उकिरड्यावर, कॅन घासून पालथे. गायी केव्हाच विकल्या, तरी ही रोज गरम पाण्यानं कॅन घासते. उद्या पाहुण्यांसमोर घासत बसली तर?

थोरली : तर पाटी लाव. ‘जिवंत इतिहास. कृपया हात लावू नये.’

(दूधखोलीचं दार उघडतं.)

आई : फुलं कोण ठेवतं रे? पाणी साचलं की कॅन वास धरतो.

धाकटा : आई, त्यात आता दूध यायचं नाहीये.

आई : म्हणून घाण ठेवायचे?

धाकटा : उद्या नवरी येणार आहे. एका दिवसापुरती मागं जा.

थोरली : एका दिवसापुरती? सोफा काय संध्याकाळी परत पाठवणार आहेस?

आई : भांडू नका. येऊ दे नवरीला. आरसा त्या भिंतीला लावा, उजेड तिथं येतो. माझी खाट मात्र इथंच राहील.

धाकटा : नवरी सजणार आणि तू शेजारी खाटेवर? लोक काय म्हणतील?

आई : तिला काही लागलं तर कोणीतरी जवळ हवं.

धाकटा : अगं, मैत्रिणी असतात, मेकअपवाली असते. तिला काय लागणार आहे?

आई : माझ्या लग्नाच्या रात्री गाय अडली होती. वासरू ओढून काढलं तेव्हा मी इथं एकटी होते. तुमचे बाबा झोपले होते.