पाच मिनिटं पुढे

नाही हो, बिघडलेलं नाही ते. पाच मिनिटं पुढे आहे — मुद्दाम. काढा, फोटो काढा, सगळेच काढतात. दगडी कमान, लाकडी जिना, जुनं घड्याळ — आणि मग स्वतःचं मनगट बघून हसतात. तुम्हीही हसलात ना आत्ता? हसा. बसा, तुमच्या गाडीला वेळ आहे.

चावी दादा द्यायचा. माझा थोरला भाऊ. दर सोमवारी सकाळी पलीकडच्या गोदामातून शिडी खांद्यावर टाकायचा आणि सरळ रूळ ओलांडायचा — पूल कोण चढणार? काटा त्यानंच पुढे ठेवलेला. का? गावातले लोक आळशी. घड्याळ बघून धावत सुटतात आणि गाडी सापडते. 'मला वेडा म्हणू देत, पण गाडी चुकली म्हणून इथं रडणारा एक माणूस दाखव,' म्हणायचा. स्वतः मात्र मनातल्या मनात पाच वजा करायचा. घरच्या घड्याळातूनही करायचा, वहिनी डोक्याला हात लावायची.

त्या रविवारी तुमच्यासारखाच एकजण आला, गळ्यात कॅमेरा. म्हणाला, 'घड्याळही गावासारखंच बिघडलेलं दिसतंय.' माझं डोकं सटकलं — माझं सटकतंच, शाळाही त्यापायीच सुटली. वरच्या सज्ज्यातून काट्यापर्यंत हात पोचतो, शिडी फक्त चावीला लागते. काच उघडली, काटा मागे घेतला. म्हटलं, घे, बघ आता! दादाला रात्री सांगणार होतो. पण जेवताना त्याचं आणि वहिनीचं जुंपलं, कसल्याशा फडताळावरून, म्हटलं सकाळी सांगू. आणि सकाळी झोपून राहिलो. झोपून राहिलो हो मी.

आठ-दहाची गाडी इथं थांबत नाही. ती एकच कधी उशीर करत नाही. दादानं पलीकडून घड्याळ पाहिलं असणार — आठ-दहा. म्हणजे त्याच्या हिशेबानं आठ-पाच. गाडी येते त्या वळणाच्या बाजूच्या खांद्यावर शिडी, त्या बाजूचं काही दिसत नाही...

चौकशीवाले आले. घड्याळ तपासलं, म्हणाले, वेळ अचूक आहे. वेळ अचूक, वीस वर्षं इथंच वावरलेला माहीतगार माणूस, म्हणजे गेला तो जाणूनबुजून. तसंच लिहिलं. मी तिथंच उभा होतो, ह्या खांबाला टेकून. ते गेल्यावर काटा परत पुढे केला — काय उपयोग? आता वहिनी रोज विचारते, 'भावोजी, मी त्या फडताळावरून बोलले, तेच लागलं का हो त्यांच्या मनाला?' रोज. आणि मी मान खाली घालून जेवतो. तिच्याच हातचं.

तुम्हाला का सांगितलं? तुम्ही निघून जाणार म्हणून. तुम्हाला सांगणं सोपं.

ती बघा, पुलावरून येतेय, हातात डबा. उठा. नाही, आत्ताच उठा, तिला बसायला जागा हवी. आणि रुळांतून जाऊ नका — पुलावरून जा.

वहिनी, डबा राहू दे. बस आधी.