मधली फट

मुलांनो, समजा तुम्ही शहाद्याच्या बसस्थानकावर बसची वाट पाहणाऱ्या शांतीबाईंच्या शेजारी बसला आहात. पलीकडे आजोबा आणि त्यांची नात हेमांगी बोलताहेत; तिच्या हातात तिने बनवलेली दोन दांड्यांची रेडिओची अँटेना आहे. शांतीबाईंचे कान तिकडेच आहेत.

"आबा, मन्हा अँटेनाले हाई तार कोनी बांधी?"

"मीच. दांडी मधमा तुटेल व्हती ना, पकडीनं आवळी दिधी."

"तुटेल नव्हती! हाई काय ठिबकनी नळी शे, जोडाले? दोन दांड्या अलगच पाहिजेत. एकीले केबलनी मधली तार, दुसरीले तिनावरनी जाळी. चिकटन्यात ते रेडिओ मुकाच!"

"अरे देवा! आनि तुन्हं विज्ञान प्रदर्शन?"

"आज दहा वाजता, नंदुरबारले. तार सोडाले पकड कोठे शे?"

"घर राहिनी, बेटा. बस ते लागनी. आते?"

हेमांगीने अँटेना आबांच्या हाती दिली आणि धावत जाऊन ड्रायव्हरचं दार ठोकलं, "काका, पकड शे का?"